मोजणीकाका आणि पाचवी घंटा

मोजणीकाकांना कुठल्याही जागी सरळ जाऊन बसता येत नसे. आधी ते ती जागा पावलांनी मोजत. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हा उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत पाच आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत साडेतीन अशी पावलं टाकून ते म्हणाले, "नऊ बाय तेरा. करारनाम्यात दहा बाय पंधरा लिहिलं असंल." माझ्या करारनाम्यात खरोखरच दहा बाय पंधरा लिहिलेलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

कळमनुरीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मी मूळचा जवळच्याच पुसेगावचा, पण नांदेडला डिप्लोमा केला आणि इकडं येऊन बस्तान बसवलं. काकांना मी ओळखत नव्हतो, तरी ऐकून माहीत होते. मोजणी खात्यात त्यांची सगळी नोकरी झालेली. तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात जा, एखादा तरी म्हातारा भेटे, ज्याच्या बांधाचा दगड काकांनी रोवून दिलेला असे. उन्हातान्हात टोपी घालून उभं राहिल्यानं त्यांचं कपाळ वरून गोरं आणि खालचा चेहरा काळवंडलेला, मध्ये अगदी आखल्यासारखी रेघ. लोक म्हणत, काकांनी स्वतःच्या तोंडावरसुद्धा हद्द कायम करून घेतलीय. खिशात कायम दोन पेन्सिली, एक कडक, एक मऊ. निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण पेन्सिली तशाच टोकदार.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. नकाशाला चिकटवतात तसल्या जाड कापडात काहीतरी गुंडाळलेलं होतं. उलगडलं तर आत हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. आमच्या लहानपणी तालुक्यात असा एखाद्याकडंच असे. कुणाचा मामा, कुणाचा काका आखातातून घेऊन यायचा. छोटा पडदा, डाव्या हाताला अधिकच्या चिन्हासारखं बटण, उजव्या हाताला दोन गोल बटणं आणि मागं खाचेत बसवलेली काडेपेटीएवढी डबी. त्या डबीत गेम असतो. तिला कार्ट्रिज म्हणतात.

"हे चालू व्हतंय का बघ," काका म्हणाले.

मी उघडून पाहिलं. कुणीतरी आत सेल तसेच ठेवले होते. ते फुटून हिरवट पांढरा क्षार आतली सगळी सर्किटची पट्टी खाऊन गेला होता. पडदाही गेलेला.

"काका, हा गेला. आता न्हाई जिवंत व्हायचा."

त्यांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. दुपारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, पंखा तेवढा कुरकुरत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि आतलं? आत जे काय हाय ते?"

मला तो प्रश्न फार आवडला. मी आजवर शेकडो बंद फोन हातात घेतले आहेत; माणसं फोन जिवंत करायला आणतात, पण बहुतेकांना हवं असतं ते आतलं. मी कार्ट्रिज काढून पाहिली. ती शाबूत होती. लेबल उडालेलं, गेमचं नावही वाचता येत नव्हतं, पण क्षार तिथवर पोचला नव्हता. मला या जुन्या गेमांचा नाद आहे, त्यामुळं कार्ट्रिजमधलं सगळं काँप्युटरवर उतरवून घ्यायचं एक छोटं यंत्र माझ्याकडं होतं. मी काकांना समजावून सांगितलं की मोबाईलमध्ये इम्युलेटर नावाचं ॲप टाकता येतं. ते टाकलं की फोन त्या जुन्या यंत्राचं सोंग घेतो. गेम आपला तोच, अंग तेवढं दुसरं.

"सोंग घेतो?" काकांना हसू आलं. "घेऊ दे मंग. बहुरूप्याला काहून ना म्हणावं?"

कार्ट्रिज यंत्राला लावली आणि मला दुसरं आश्चर्य दिसलं. अशा डबीत एक बारकी बॅटरी असते, खेळणारा कुठवर पोचला ते तिच्या जोरावर लक्षात राहतं. इतक्या वर्षांत ती मरून जायला हवी होती. ती मेलेली नव्हती. काकांच्या मोबाईलवर गेम उघडला, आणि पहिल्याच पानावर इंग्रजीत नाव आलं, अमोल. शेजारी लिहिलेलं, एक्केचाळीस तास.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट जरा लांबच ठेवून त्यांनी त्या नावाकडं दाखवलं. "हा माझा पोरगा."

मी ते नाव दाबून दाखवलं. पडद्यावर डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं घर आणि घरासमोर निळ्या टोपीचा एक इवलासा मुलगा उभा. बारीक पिपाणीसारखं संगीत सुरू झालं. मुलगा जागच्या जागी श्वास घेतल्यासारखा खालीवर हलत होता.

"हलवू नको त्याला," काका एकदम म्हणाले. "राहू दे तिथंच."

अमोल त्यांचा एकुलता मुलगा. नववीत असताना मामानं तो गेम आणून दिला आणि पोरगं त्यात बुडून गेलं. जेवताना गेम, न्हाणीच्या दाराशी गेम. एक दिवस काका कुरुंद्याकडच्या एका मोजणीवरून घरी आले. दोन भावांचा बांधावरून वाद, मोजताना दगडफेक झालेली, काकांच्या खांद्याला एक धोंडा लागलेला. घरात आले तर पोरगं खाटेवर गेममध्ये. मानसुद्धा वर केली नाही. काकांनी गेम हिसकावला. पोरगं म्हणालं, "बाबा, एक मिनिट, एकच मिनिट द्या, सेव्ह करू द्या." काकांनी एक मिनिट दिलं नाही. बटण बंद केलं आणि गेम लोखंडी पेटीत टाकून कुलूप घातलं.

पुढं अमोल लातूरला शिकायला गेला, तिथून पुण्याला, मग नोकरीही तिकडंच लागली. भांडण असं कधी झालं नाही. पण घरी यायचा तो आईशी बोलायचा आणि जायचा. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर आठवड्यातून एकदा फोन. तब्येत बरी? बरी. पाऊस आहे? हाय. ठेवतो मग.

"त्याचं माझ्यावर काही वाकडं न्हाई बरं," काका मला म्हणाले. "पण त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ इषयच न्हाई. त्याचं काम मला कळत न्हाई, माझं संपलं. पेटी आवरताना हे हाती लागलं. म्हटलं, बघावं तरी लेकरू कुठं व्हतं त्या वक्ताला."

त्या गेममध्ये एकाच वेळी तीन जणांना आपापला वेगळा डाव ठेवता येई. काकांनी दुसरा डाव उघडला. नाव विचारलं तेव्हा एकेक अक्षर शोधून त्यांनी बाबा असं लिहिलं आणि अगदी पहिल्या गावापासून चालायला लागले.

गेम साधा होता. सात गावं, सात घंटा. कुणीतरी घंटांचा आवाज पळवून नेलाय, आणि घंटा वाजत नाही तोवर त्या गावची माणसं झोपेतच असतात. झोपेत चालतात, झोपेत दळण दळतात, जवळ गेलं की झोपेतलं स्वप्न सांगतात. निळ्या टोपीच्या मुलानं गावोगाव जाऊन घंटा परत वाजवायची. काकांना इंग्रजी कचेरीपुरतं येई, पण तेवढ्यावर ते एकेक ओळ ओठ हलवत वाचत. एक म्हातारी स्वप्नात मडकी मोजत असे. एक कोळी स्वप्नात आकाशात जाळं टाकी. मी म्हणे, काका, घंटा वाजवा आता, पुढं चला. तर म्हणत, "थांब की. म्हातारीची अजून तीन मडकी राहिलीत. ऐकू दे."

मी त्यांना इम्युलेटरच्या सगळ्या सोयी दाखवल्या होत्या. एक बटण दाबलं की गेम चौपट वेगानं पळतो. दुसऱ्यानं कुठंही थांबून तिथली खूण ठेवता येते, चुकलं तर तिथून परत. काकांनी दोन्ही नाकारल्या. "अमोलला ह्या सोयी व्हत्या का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या मूळ गेममध्ये गावाबाहेरच्या मुक्कामाच्या घरातच सेव्ह करता येत असे. काका त्याला धर्मशाळा म्हणत. मरायचं झालं तर मागच्या धर्मशाळेतून पुन्हा सुरुवात.

अडचण एकच होती, काचेची. जुन्या यंत्रावर बटणं अंगठ्याला लागत. मोबाईलच्या पडद्यावर ती नुसती काढलेली असतात. काकांचा अंगठा घसरे आणि निळ्या टोपीचं पोर सरळ नदीत जाई. "बटण कुठं संपतं ते कळतच न्हाई," ते वैतागले. "निशाणी नको का काही?" दुसऱ्या दिवशी आले तर पडद्यावर बटणांच्या कडेला चार लाल मखमली टिकल्या चिकटवलेल्या. काकूंच्या डब्यात टिकल्यांची अर्धी पाकिटं पडून होती. अंगठा टिकलीला लागला की काकांना हद्द समजे. मी पुष्कळ फोन हाताळले, पण टिकल्या लावलेला फोन तो एकच.

हळूहळू दुपारी दुकानात येऊन खेळायचा त्यांचा नेमच झाला. घरी भिंती खायला उठतात, असं काही ते बोलले नाहीत. "तुझ्याकडं उजेड बराबर येतो" म्हणाले. मी माझ्या भिंगाखाली फोन खोलून बसलेला, ते स्टुलावर, आणि दोघांच्या मध्ये ती पिपाणी. बाजाराचा दिवस सोडला तर तीन-चार तास कुणी फिरकत नसे. उन्हानं रस्ता पांढरा झालेला असे. मला कधी कधी वाटे, समोरून सायकलवर जाणारा माणूसही झोपेतच चाललाय आणि जवळ गेलं तर तो स्वप्न सांगेल.

आणि मग त्यांनी नकाशा सुरू केला. ते गेमातलं जग म्हणजे चौकोनांचं. प्रत्येक पाऊल एक चौकोन. काकांना ते पहिल्या दिवशीच दिसलं असावं. घरून चौकटीचे कागद आले, पेन्सिली खिशातून बाहेर आल्या. एका कोपऱ्यात उत्तरेचा बाण, खाली प्रमाण, झाडांना झाडांची खूण, विहिरींना विहिरीची. प्रत्येक शेताला गट नंबर. "असा मुलूख मी कधी मोजला न्हाई," ते खाली मान घालून रेघ मारता मारता म्हणाले. "कुणाची हरकत न्हाई, नोटीस न्हाई, कुणी मागून धोंडा मारीना. सगळा गाव झोपलेला, आन् मी एकटा फिरून राहिलो."

त्यांच्या बोलण्यातही ती गावं उतरली. शेजारचा चहावाला जब्बार एकदा म्हणाला, "काका, कल दिखे नै, किधर थे?" काका शांतपणे म्हणाले, "तळ्याच्या गावात. धुकं लई व्हतं." जब्बारनं माझ्याकडं पाहिलं. मी चहा घेतला. धुकं खरंच होतं, मी पाहिलं होतं.

दोन महिन्यांनी काका चार घंटा वाजवून त्या डोंगराच्या पायथ्याच्या धर्मशाळेपाशी पोचले. अमोल जिथं उभा होता ते हेच घर. काकांनी तो पहिला डाव उघडून अमोलचा पोरगा पाहिला, मग आपला दुसरा डाव उघडून आपला पोरगा पाहिला. दोन्ही निळ्या टोप्या एकाच दारात, एकाच चौकोनावर. पण एका वेळी एकच दिसणारी. "ह्याच्यापुढं तो गेला व्हता," काका म्हणाले. "मी बंद केलं तवा तो पुढं कुठंतरी व्हता. ते काही सेव्ह झालं न्हाई."

पुढं गुहा होती. आत धर्मशाळा नाही. अंधार, वळणं, पाण्याचे ओढे, वटवाघळं. काका पहिल्या दिवशी सहा वेळा मेले. आठवडाभर रोज मरत होते, पण दरवेळी नकाशाचा एखादा चौकोन वाढत होता. आणि एका दुपारी नशीब लागलं. दीड तास झाला, पोर जिवंत. दोन तास झाले. मीही काम सोडून त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. खूप लांबवर पडद्याच्या वरच्या टोकाला उजेडाची एक फट दिसली.

तेवढ्यात फोन वाजला. कुणी जुना माणूस, त्याला बांधाच्या दगडाविषयी काही विचारायचं होतं. काकांनी उचलला. सवयीप्रमाणं सगळं नीट समजावून सांगितलं, दहा मिनिटं गेली. फोन ठेवून परत गेमवर आले, तर पहिलं पान. स्वस्तातला फोन, मागं चालू असलेलं ॲप त्यानं बंद करून टाकलं होतं. दोन तास पुसून गेले.

मला वाटलं आता चिडतील. मीच चिडलो होतो, स्वतःवर; ती खूण ठेवायची सोय निदान लपवून तरी चालू ठेवायला हवी होती. पण काका नुसते पडद्याकडं बघत राहिले. टिकल्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग इतक्या हलक्या आवाजात बोलले की पंख्यामुळं मला नीट ऐकूही आलं नाही.

"एकच मिनिट मागून राहिलं व्हतं लेकरू."

त्या दिवशी ते लवकर घरी गेले. पुढचे चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले, उंबऱ्यात पावलं न मोजता आत आले आणि म्हणाले, "विमानाचं बटण कुठं असतं रे, फोनच येऊ नये असं?" मी ते लावून दिलं. पावणेदोन तासांनी निळ्या टोपीचं पोर गुहेतून बाहेर पडलं. पडदा पांढराशुभ्र झाला, मग त्यातून सावकाश एक गाव उमटलं. उंच दगडी खांबावर घंटा, तिला बांधलेली दोरी, आणि दोरीखाली झोपेत उभे असलेले गावकरी. गुहेचं तोंड ते दोरी, मध्ये फक्त नऊ पावलं. काका दोरीपाशी गेले आणि थांबले.

"आता तुझी ती युक्ती लाव," ते मला म्हणाले. "कुठंबी सेव्ह करायची."

मी खूण ठेवून दिली. मग त्यांनी विमानाचं बटण काढलं आणि तिथंच, स्टुलावर बसून, अमोलला फोन लावला. काका फोन कानाला लावत नसत, समोर धरून बोलत, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं. मी उठून बाहेर जाणार होतो, त्यांनी हातानं बस म्हटलं.

"हां बाबा. तब्येत बरी?"

"बरी हाय. तुजी?"

"बरी आहे."

एरवी इथं फोन संपायचा. काकांनी घसा साफ केला. "अमोल, एक इचारू का? त्या गुहेत डाव्या अंगाला दोन ओढे लागतात. तू तिथून कसा पार झालता?"

"कुठली गुहा, बाबा?"

"घंटेच्या गेमातली. चौथ्या गावाच्या म्होरची."

फोन कटला का हे मी डोकावून पाहिलं.

"बाबा, तो गेम... तुम्ही खेळताय?"

"व्हय. दोन महिने झाले खेळून राहिलो. ह्या दुकानातल्या पोरानं मोबाईलमधी उतरवून दिला. तुझा डाव हाय तसाच हाय, मी हात लावला न्हाई. माझा मी येगळा आलो." थोडं थांबून ते म्हणाले, "त्या दिवशी तू गुहेच्या बाहेर आलता काय रे?"

"हो." अमोलचा आवाज बदलला होता. "तीन दिवस मरत होतो तिथं. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर आलो. घंटेसमोर होतो. दोरीला हात लावायचा राहिला होता फक्त."

"मला वाटलं, उगीच बहाणा करून राहिला."

"जाऊ द्या ना बाबा. लहान होतो मी."

"तू लहान व्हतास," काका म्हणाले. "मी न्हवतो."

मग अमोलनं विचारलं, "ते दुसऱ्या ओढ्यापाशी दगड ढकलता येतो, ते कळलं का तुम्हाला?" काका म्हणाले, "न्हाई बा, मी तर लांबून गेलो, खालच्या अंगानं." आणि तिथून पुढं पाऊण तास ते दोघं गुहेविषयी बोलत होते. ओढ्याविषयी, वटवाघळांविषयी, मडकी मोजणाऱ्या म्हातारीविषयी. अमोल मध्येच एकदा मोठ्यानं हसला. काकांनी फोन जरा दूर धरून त्याच्याकडं पाहिलं, जसं काही हसू दिसणार होतं.

शेवटी अमोल म्हणाला, "मग वाजवा की घंटा."

"तू ये. तुजी तू वाजव, मग माजी वाजवतो."

"मला सुट्टी दिवाळीतच मिळेल, बाबा."

"येऊ दे दिवाळी. ते लोक झोपलेलेच हायेत. त्यांला काय घाई."

दिवाळीत अमोल आला. काकांनी मला घरी फराळाला बोलावलं होतं. मी गेलो तर समोरच्या खोलीत भिंतभर कागद, कडा एकमेकांना जुळवून लावलेले. चार गावं, एक तळं, डोंगर, आणि काळ्या पेन्सिलीनं भरलेली ती लांबलचक गुहा. अमोल माझ्याच वयाचा, बापासारखाच सडसडीत. तो नकाशासमोर हाताची घडी घालून उभा होता. मी आलो तरी त्याला कळलं नाही. काका आत चहा टाकत होते.

"एवढं कधी केलं त्यांनी?" त्यानं मला विचारलं.

"दुपारी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

चहा झाल्यावर दोघं खाटेवर शेजारी बसले. अमोलनं टिकल्या पाहिल्या, एकीवर बोट ठेवलं आणि काही न विचारता अंगठा त्यांच्या मध्ये बसवला. त्याला त्या कुठून आल्या ते कळलं असावं. आपला डाव उघडून इतक्या वर्षांनी त्यानं त्या पोराला धर्मशाळेच्या दारातून हलवलं. काका भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून सांगत होते, "उजवीकडं सतरा पावलं. आता खाली चार. थांब, वटवाघूळ जाऊ दे." अमोल एकदाही मेला नाही. पांढरा पडदा आला, गाव उमटलं, नऊ पावलं झाली. त्यानं बापाकडं पाहिलं. "वाजव, वाजव," काका म्हणाले.

घंटेचा आवाज तसा काय, बारीक किणकिण. पण पडद्यावरचं सगळं गाव डोळे चोळत जागं झालं, कुणी कुणाला हाका मारायला लागलं, एका घरातून धूर निघाला. मग काकांनी आपला डाव उघडून आपली घंटा वाजवली, आणि गाव पुन्हा एकदा जागं झालं. काकांनी अमोलच्या पाठीवर हात ठेवला होता. तो त्यांनी काढला नाही एवढंच. मी चकल्यांची ताटली संपवून निघून आलो.

अमोल पुण्याला परत गेला तेव्हा त्याच्याही मोबाईलमध्ये मी तो गेम टाकून दिला. रविवारी दुपारी फोन यायचा, तासभर चालायचा. अमोल पुढं पळे, काका मागून नकाशा काढत येत. "ये की पुण्याला," तो म्हणे. काका म्हणत, "येतो, सहावं गाव उरकू दे." सहाव्या गावात पाऊसच पाऊस होता, आणि काकांना तो आवडायचा. ते तिथं उगीचच थांबून राहत. काम काही नाही, नुसते एका झाडाखाली उभे.

सहावं गाव उरकलं नाही. उन्हाळा लागता लागता एका सकाळी अंगणात उन्हाला बसल्या बसल्या काका गेले. शेजाऱ्यांनी मला फोन केला, मी अमोलला. त्यानं माझ्या पहिल्या दोन शब्दांवरूनच ओळखलं.

दिवस झाल्यावर जायच्या आधी अमोल दुकानात आला. स्टुलावर बसला. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत तो रस्त्याकडं बघत होता. मग म्हणाला, "मागच्या रविवारी आमचं दीड तास बोलणं झालं. आईचं लग्न कसं ठरलं ते सांगत होते. मुलगी बघायला गेले, तर पाहुण्यांच्या ओसरीची लांबी मोजत बसले, म्हणून आई आतून हसली म्हणे. मला हे काहीच माहीत नव्हतं." त्यानं चहाचा घोट घेतला. "फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी गेमचं नावसुद्धा निघालं नव्हतं."

तो गाडीला गेला. मी काउंटरवर उघडा पडलेला एक फोन तसाच ठेवला, शटर ओढलं आणि मोटारसायकल काढून पुसेगावचा रस्ता धरला. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. माझे आबा गावी शेती करतात. आमचंही बोलणं तीन वाक्यांचं.

शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं. मोठ्या कढईतून वाफ निघत होती, सगळ्या शिवाराला तो ओला, कडवट वास. आबा डोक्याला पंचा बांधून जाळ सारत होते. मला बघून उठले.

"काहून आलास रे? तकलीफ हाय का काही?"

"न्हाई. उगीच."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं आणि परत जाळाशी बसले. मीही त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो. जन्मल्यापासून मी ती कढई बघत आलोय. तिच्या वाफेनं शाळेचे कपडे पिवळे व्हायचे म्हणून भांडलोय. काय विचारावं ते सुचेना. शेवटी म्हटलं, "आबा, शिजली हे कसं कळतं?"

आबांनी चमकून पाहिलं. मी थट्टा तर करत नाही ना, हे त्यांनी क्षणभर तपासलं. मग एक हळकुंड बाहेर काढून, फुंकर मारून माझ्या हातावर ठेवलं आणि झाडूची एक काडी दिली. "खुपस. जोर लावू नको."

काडी अर्ध्यात अडली.

"न्हाई झाली," आबा म्हणाले. "आता वासाकडं ध्यान दे. कच्च्या हळदीला मातीचा वास असतो. तो सुटला की..." आणि ते सांगत गेले. फेसाचं सांगितलं, लाकडाचं सांगितलं, त्यांच्या वडलांनी एकदा कढई करपवली तेव्हा घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं ते सांगितलं. एक कढई उतरली, दुसरी चढली. मध्ये आईनं बांधावरून जेवायला हाक मारली. आबांनी हात वर करून तिला थांब म्हटलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "कुठवर आलतो मी?"